बेटावर गेलेलं खोकं परत येत नाही

आमच्या गल्लीतल्या तालमीच्या माडीवर तेवीस खोकी रचून ठेवली होती. काही कोविडच्या वेळची. तेव्हा पोरांनी तालमीतच विलगीकरण केंद्र चालवलं होतं, त्यातले मास्क, ग्लोव्हज, पीपीई किट आणि दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर उरले होते. बाकीची खोकी अलीकडची. शेजारच्या पेठेतल्या एका छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी वयामुळे काम थांबवलं आणि स्टोअरमध्ये होतं नव्हतं ते सगळं तालमीला देऊन टाकलं: आयव्ही सेट, टाके घालायचे दोरे, कॅथेटर म्हणजे लघवीच्या नळ्या, इंजेक्शनं, गोळ्या, ड्रेसिंगचं सामान, कफ ओढून काढणारं एक सक्शन मशीन.

मंडळातला एक पोरगा कोस्ट गार्डमध्ये आहे, सध्या लक्षद्वीपला. सुट्टीवर आला तेव्हा कट्ट्यावर बोलता बोलता तो म्हणाला, की पावसाळ्यात बोटी अडकल्या की तिकडं औषधांचीही वाट बघावी लागते. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंजण माझ्या दारात.

"काकू, तुम्ही एवढी वर्षं दवाखान्याच्या स्टोअरला होता. हे सगळं तिकडं पाठवूया की. टेम्पोचं आम्ही बघतो."

त्यांना चहा दिला आणि म्हटलं, आधी खोकी उघडूया. माझी तीस वर्षं औषधांच्या स्टोअरमध्ये गेली आहेत आणि दान आलेली खोकी मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत, पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या. त्या दिवशी माडीवर बसून पोरांना जे सांगितलं, तेच इथे लिहिते. अशी खोकी कोल्हापुरात एकाच तालमीत असतील असं मला वाटत नाही.

आपणही बेट झालो होतो

लांब जायला नको. ऑगस्ट २०१९ आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर गेली की धोका, हे इथल्या लहान मुलालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. शिरोळ तालुक्यात, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथली गावं चारी बाजूंनी पाण्यात. बोटीशिवाय माणूस हलत नव्हता. भूगोलाच्या पुस्तकातली बेटाची व्याख्या आपल्या उसाच्या पट्ट्यात उतरली होती.

पाणी ओसरायला लागल्यावर एका शाळेतल्या मदत केंद्रावर औषधं लावायला मी गेले होते. आम्ही तिघी. वर्गात बाकांवर, बाकांखाली, फळ्याखाली पिशव्याच पिशव्या. सगळ्या महाराष्ट्रातून माणसांनी काळजीनं पाठवलेल्या. अर्ध्या संपलेल्या खोकल्याच्या बाटल्या. कात्रीने कापलेल्या स्ट्रिप, ज्यांच्यावरचं नाव आणि तारीख कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेली. डॉक्टरांना नमुना म्हणून मिळणारी औषधं, प्रत्येकाच्या चार-चार गोळ्या. केस गळू नयेत म्हणून घ्यायच्या कॅप्सूल.

आणि दाराबाहेर रांगेत उभी असलेली माणसं काय मागत होती? बीपीची गोळी. साखरेची गोळी. एका आजोबांचं इन्सुलिन घरासकट पाण्यात गेलं होतं. चिखलात अनवाणी फिरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन हवं होतं, लहान मुलांना ओआरएस हवं होतं, पत्रा लागलेल्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन. यातलं काही त्या पिशव्यांत होतंही, पण ते शोधायला आम्हाला दीड दिवस लागला. तो दीड दिवस आम्ही तिघी पेशंटला देऊ शकलो असतो. पाठवणाऱ्याचा चुकीचा हेतू कुठेच नव्हता. फक्त कुणी फोन करून विचारलं नव्हतं, की तुम्हाला काय हवंय?

हे आपल्याच बाबतीत घडतं असं नाही. आर्मेनियात डिसेंबर १९८८ मध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य आलं. नक्की काय काय आलंय याचा अंदाज यायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. त्यातली ३० टक्केच औषधं सहज ओळखता येण्याजोगी होती. बाकीच्यांवरची भाषा, नावं, खुणा कळायलाच मार्ग नव्हता. बोस्नियाच्या युद्धात आणि त्यानंतर लगेच, १९९२ ते १९९६ या काळात, आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त बिनकामाची ठरली आणि शेवटी हजारो टन निरुपयोगी साठा त्या युद्धाने मोडलेल्या देशाच्या गळ्यात पडला.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर सुमात्रा बेटावरच्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं पोचली. नंतर पाहणी झाली तेव्हा दिसलं, की ६० टक्के औषधं इंडोनेशियाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत नव्हतीच आणि ७० टक्क्यांवरची लेबलं तिथल्या माणसांना वाचता न येणाऱ्या भाषेत होती. सुमारे ६०० टन औषधं नष्ट करावी लागणार होती आणि त्याचा खर्च २४ लाख युरोच्या घरात जात होता. ज्यांची घरं वाहून गेली त्यांच्या दारात दुसऱ्यांच्या कपाटातला कचरा, आणि वर त्याची विल्हेवाट लावायचं बिल. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या शाळेतले बाक आठवले.

बेटाचं गणित वेगळं का

पोरांपैकी एकजण म्हणाला, "काकू, जास्त गेलं तर काय बिघडलं? उरलं तर उरलं." जमिनीवरच्या दवाखान्यात हे काही अंशी खरं आहे. गारगोटीत जादा आलेलं सामान गडहिंग्लजला देता येतं, बिघडलेलं मशीन टेम्पोत घालून कोल्हापूरला आणता येतं, तारीख संपलेली औषधं जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत जातात. बेटावर या तिन्ही वाटा बंद असतात.

लक्षद्वीपचंच घ्या. ३६ बेटं, त्यातल्या १० वर वस्ती. सगळी जमीन मिळून साधारण ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. कवरत्तीला मोठं सरकारी रुग्णालय आहे, विमानतळ एकट्या अगत्तीला. बाकी सगळा भार कोचीकडून येणाऱ्या जहाजांवर आणि आणीबाणीत हेलिकॉप्टरवर. किनारा बेटानुसार २२० ते ४४० किलोमीटर लांब. अनेक बेटांवर मोठं जहाज थेट धक्क्याला लागत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि माणसं, सामान छोट्या होड्यांत उतरवून आत न्यावं लागतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की हे सगळं आणखी अवघड. बित्रा नावाच्या सर्वांत छोट्या वस्तीच्या बेटावर २०११ मध्ये २७१ माणसं राहत होती, आपल्या एका गल्लीपेक्षा कमी.

होडीत जागा ठरलेली असते. तुमचं एक खोकं चढतं तेव्हा दुसरं काहीतरी, तांदूळ असेल, गॅसचा सिलिंडर असेल, मागे राहतं. वजनाचा साधा हिशेब बघा. सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या हजार बाटल्या म्हणजे बाटलीचं वजन न धरताही अर्धा टन नुसतं पाणी. ओआरएसची एक पुडी २०.५ ग्रॅमची, ती तिथल्याच एक लिटर शुद्ध पाण्यात मिसळायची. हजार पुड्यांचं वजन जेमतेम वीस किलो. जिथे ओआरएसने भागतं तिथे सलाईन पाठवणं म्हणजे समुद्रातून पाणी वाहून नेणं. काही पेशंटना शिरेतूनच सलाईन लागतं, ते वेगळं. पण ते तिथल्या डॉक्टरांनी सांगायचं.

यापेक्षा लांबची बेटं जगात आहेत. प्रशांत महासागरातला किरिबाती हा देश ३३ बेटांचा, लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार, आणि ही बेटं पसरली आहेत ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्रात. भारताच्या क्षेत्रफळाहून मोठं पाणी आणि त्यात करवीर तालुक्यापेक्षा कमी माणसं. टोकेलाऊची तीन प्रवाळबेटं, साधारण दीड हजार माणसं, विमानतळ नाही. सामोआहून बोटीने एक दिवसाहून जास्त लागतो. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्हावर अडीचशेच्या आत माणसं राहतात, तिथेही विमान उतरत नाही, केपटाऊनहून जहाजाने आठवडाभर. अशा ठिकाणी चुकीचं खोकं पोचलं तर ते तिथेच राहतं.

आता राहून गेलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट: पाणी. लक्षद्वीप, किरिबाती ही प्रवाळाची बेटं. वर वाळू, खाली सच्छिद्र चुनखडी. पावसाचं गोडं पाणी त्यातून झिरपतं आणि आत शिरलेल्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा थर होऊन तरंगत राहतं. खारं पाणी जड, गोडं हलकं, म्हणून दोन्ही वेगळी राहतात. विहिरी या पातळ थरातच खोदलेल्या असतात. तारीख संपलेली औषधं खड्डा करून पुरली की ती कुठे जाणार? त्याच थरात, म्हणजे हंड्यात. उघड्यावर जाळली तर विषारी धूर, तोही चार पावलांवरच्या घरांत. नीट नष्ट करायची तर ८५० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाची भट्टी लागते, काही औषधांना १२०० अंश. नाहीतर गोळ्या लोखंडी पिंपात भरून, वर सिमेंट, चुना आणि पाण्याचं मिश्रण ओतून पिंप कायमचं बंद करावं लागतं. छोट्या बेटावर हे कुणी करायचं?

तारीख वाचायची कशी

स्टोअरमध्ये 'शॉर्ट एक्सपायरी' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. तारीख जवळ आलेला माल. तो कंपनीला परत करता आला नाही, खपला नाही, की दानाची आठवण होते. हे कटू आहे, पण मी ते पाहिलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांबरोबर १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, पुढे १९९९ आणि २०१० मध्ये सुधारली. त्यातला एक सरळ नियम असा, की औषध घेणाऱ्या देशात पोचेल त्या दिवशी त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. घेणाऱ्याने स्वतःहून कमी मुदतीचं मागितलं तर गोष्ट वेगळी. एक वर्ष ऐकायला खूप वाटतं. पण चालून बघा. आपल्याकडे निवड आणि यादी करायला महिना, तिकडून संमती यायला महिना, ट्रकने बंदरावर, तिथे जहाजाची वाट, मुख्य बेटावरच्या स्टोअरमध्ये नोंद, मग पुढच्या बेटाची होडी कधी सुटते ते बघायचं. चार-पाच महिने कुठे गेले कळत नाही. बीपीची गोळी रोजची असते. पेशंटच्या हातात पडल्यावर तीन महिने ती चांगली राहायला हवी.

मुदतीबरोबर उष्णतेचाही प्रश्न आहे. पाकिटावरची तारीख एका अटीवर खरी असते: आत लिहिलेल्या तापमानात ठेवलं तर. इन्सुलिन, बहुतेक लसी, बाळंतपणात रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन यांना २ ते ८ अंश लागतात. तालमीच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेलं ऑक्सिटोसिन दिसायला तसंच दिसतं, रंग बदलत नाही, वास येत नाही. ऐनवेळी काम करत नाही एवढंच, आणि त्या वेळी समोर बाळंतीण असते. गोठणंही वाईट. बर्फाला चिकटून ठेवलेलं इन्सुलिन गोठलं की संपलं, ते वितळल्यावर परत वापरायचं नाही.

लसींच्या कुपीवर यासाठी एक साधी खूण असते. गोलाच्या आत चौकोन. सुरुवातीला चौकोन गोलापेक्षा फिकट असतो, उष्णता लागत गेली की गडद होत जातो, आणि गोलाइतका गडद झाला की ती कुपी वापरायची नाही. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ही खूण आहे आणि मला ती फार आवडते. तिला एक मर्यादा आहे, गोठल्याचं ती सांगत नाही.

पट्ट्या, ग्लोव्हज, सुया यांना काय होतंय, असं पोरांना वाटत होतं. एक ग्लोव्ह काढून ओढायला सांगितला. बोटातून फाटला. रबर उष्णतेने आणि वयाने कडक होतं, मग चिरतं. निर्जंतुक केलेलं सामान तर पाकीट शाबूत असेपर्यंतच निर्जंतुक. पाकिटाला टाचणीएवढं भोक, ओल लागून सुकल्याचा डाग, सुटलेली कडा, यातलं एक जरी दिसलं तरी ते बाजूला. साखर तपासायच्या पट्ट्यांना दमट हवा लागली की आकडे चुकतात, आणि बेटावर दमट हवेशिवाय दुसरी हवाच नसते.

जादा साहित्य हा कचराच असतो, असं मात्र कुणी समजू नये. ऑपरेशनसाठी संच उघडला जातो, त्यातल्या काही वस्तूंना हातही लागत नाही, पण नियमाने त्या टाकाव्या लागतात. अमेरिकेत येल विद्यापीठात १९९१ मध्ये अशा वस्तू वेगळ्या काढून गरजेच्या ठिकाणी पाठवण्याचा 'रेमेडी' नावाचा उपक्रम सुरू झाला, आणि तिथून ही कल्पना पसरली. आपल्या शहरातही दवाखाने बंद होतात, कंपनी बदलते म्हणून जुन्या मापाचं सामान पडून राहतं, टेंडरात जास्त येतं. कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर, कॉट, चादरी, ट्रे, कात्र्या, चिमटे, बंद पाकिटातलं ड्रेसिंग यांना तारखेचा जाच कमी किंवा नाहीच. मला विचाराल तर दानाची सुरुवात इथून व्हावी. औषध सर्वांत शेवटी.

घराघरांतून गोळा केलेल्या उरलेल्या गोळ्यांचं दान तर नकोच. पेशंटच्या घरी जाऊन आलेलं औषध कुठे, किती उन्हात राहिलं हे कुणी सांगू शकत नाही. मार्गदर्शक तत्त्वांत ते स्पष्ट नाकारलं आहे. त्याच तत्त्वांतली आणखी एक गोष्ट मी आमच्या स्टोअरच्या भिंतीवर लिहून लावली होती: जे आपल्या पेशंटला देणार नाही, ते दुसऱ्याच्या पेशंटलाही द्यायचं नाही.

एक भटकी कुपी

सामोआमध्ये जुलै २०१८ मध्ये गोवर-गालगुंड-रुबेलाची लस दिल्यावर दोन तान्ही बाळं काही मिनिटांत दगावली. ही लस पावडरीच्या रूपात येते, ती ठरलेल्या पाण्यात मिसळून टोचायची असते. तपासात निघालं, की पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारं, भुलीच्या वेळी वापरतात ते मुदत संपलेलं औषध मिसळलं गेलं होतं. लस निर्दोष होती. पण लोक घाबरले, लसीकरण थांबलं, आणि २०१९ च्या शेवटी गोवराची साथ आली तेव्हा दोन लाखांच्या त्या देशात ८३ माणसं गेली, बहुतेक लहान मुलं.

ती कुपी दानातली होती असं मी म्हणत नाही. पण फडताळावर ज्याचं तिथे काम नाही अशी एक कुपी असली तर काय होऊ शकतं, हे यातून कळतं. छोट्या बेटावरच्या दवाखान्यात एखादी नर्स, एखादा डॉक्टर, रात्रीची वेळ. अनोळखी नावाची, अनोळखी भाषेतली, तारीख गेलेली जितकी औषधं त्या फडताळावर आपण वाढवू, तितकी तिची चूक होण्याची शक्यता वाढते. नर्सिंग होमच्या खोक्यांत आम्हाला भुलीची इंजेक्शनं सापडली तेव्हा पोरांना मी हीच गोष्ट सांगितली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मशीन आणि मिस्त्री

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरबद्दल पोरांना खात्री होती. "हे तरी जाईल ना, काकू? नवंच आहे."

मी म्हटलं, उद्यमनगरात जा आणि कुठल्याही मिस्त्रीला विचार. आपल्या गावाने वर्षानुवर्षं ऑइल इंजिनं बनवून खेड्यापाड्यांत पोचवली. इंजिन विकणारा माणूस त्याच्याबरोबर वॉशर, रिंग, नोझल कुठे मिळेल हेही सांगायचा, कारण सुट्या भागाशिवाय इंजिन म्हणजे लोखंड. दवाखान्यातलं मशीन तसंच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की साधनं तोकडी असलेल्या देशांतल्या रुग्णालयांमधली सुमारे ४० टक्के उपकरणं बंद अवस्थेत होती. कारणं आपल्या मिस्त्रीला तोंडपाठ असतील अशीच: सुटा भाग नाही, दुरुस्त करणारा नाही, वापरायला शिकवलं नाही.

कॉन्सन्ट्रेटर हवा आत घेतो, झिओलाइट नावाच्या दाण्यांतून दाबाने सोडतो, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे ऑक्सिजन येतो. हे दाणे ओल शोषतात आणि निकामी होतात. चार-पाच पावसाळे तालमीत बंद राहिलेल्या मशीनमधून नक्की किती टक्के ऑक्सिजन येतो, हे मोजल्याशिवाय ते कुणाच्या नाकाला लावायचं नाही. बेटावर त्यात खारी हवा, गंज, आणि बरीचशी डिझेल जनरेटरवर चालणारी वीज. शिवाय व्होल्टेज. फिजी आणि किरिबातीत आपल्यासारखीच २४० व्होल्टच्या आसपासची वीज, तर त्याच महासागरातल्या मार्शल बेटांवर आणि पलाऊत १२० व्होल्ट. तिथे आपलं मशीन नुसत्या पिनच्या अडॅप्टरने चालत नाही.

सर्वांत सोपं उदाहरण ग्लुकोमीटरचं. प्रशांत महासागरातल्या बेटांवर मधुमेहाचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी आहे, त्यामुळे ग्लुकोमीटर पाठवावा असं कुणालाही वाटेल. पण एका कंपनीच्या मीटरला दुसऱ्या कंपनीची पट्टी चालत नाही. पन्नास पट्ट्या संपल्या की मीटर खेळणं होतं. मीटर न पाठवता, त्यांच्याकडे आधीच असलेल्या मीटरच्या पट्ट्या वर्षभर पाठवत राहणारा माणूस मला जास्त मोठा दाता वाटतो.

मग करायचं काय

सरकारी दवाखान्यात 'इंडेंट' हा शब्द चालतो. वॉर्डाने मागणी लिहायची, स्टोअरने त्यानुसार द्यायचं. मागणीशिवाय स्टोअर वॉर्डात सामान ढकलत नाही. दानालाही हीच शिस्त लागते. आपल्याकडे काय आहे याची यादी आधी तयार करायची: वस्तूचं नाव, मूळ औषधाचं नाव, माप, कंपनी, बॅच नंबर, मुदत, नग, कुठे ठेवलं होतं. ती तिकडच्या आरोग्य खात्याकडे किंवा रुग्णालयाकडे पाठवायची आणि लेखी उत्तराची वाट बघायची. 'नको' असं उत्तर आलं तरी ते आनंदाने घ्यायचं. गरजू माणसाला नाही म्हणणं जड जातं, त्यामुळे विचारताना नाही म्हणायची मोकळीक आपणच द्यावी लागते.

कायद्याचं थोडक्यात सांगते. औषधं व सौंदर्य प्रसाधने कायदा १९४० चा. त्यानुसार औषध विकायलाच नव्हे, वाटायलाही परवाना लागतो. त्यामुळे तालमीने परस्पर औषधं पाठवणं बरोबर नाही, परवानाधारक रुग्णालय किंवा संस्था मध्ये हवी. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारून घेणं चांगलं. मॉर्फिनसारखी औषधं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात येतात, त्यांना दानाच्या खोक्यात स्थानच नाही. परदेशातल्या बेटावर पाठवायचं तर निर्यातीची कागदपत्रं, सीमाशुल्क, तिथल्या आरोग्य खात्याची आयात संमती हे सगळं आलं. हे काम ज्या संस्था नेहमी करतात त्यांच्या हाती सोपवलेलं बरं. आणि मुदत संपलेली औषधं २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत, एखाद्या रुग्णालयामार्फत. कचराकुंडीत नाही, रंकाळ्यात तर नाहीच नाही.

पैशाचा हिशेबही मांडावा. पाठवण्याचा खर्च सामानाच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल तर तेवढ्या पैशांत तिथल्या रुग्णालयाला त्यांच्या नेहमीच्या पुरवठादाराकडून ताजा माल घेऊन देता येतो. आपत्तीसाठी तर तयार संच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था वापरतात तो आरोग्य संच १०,००० माणसांना साधारण तीन महिने पुरेल असा बांधलेला असतो, त्यात काय आहे हे उघडण्याआधीच सगळ्यांना माहीत असतं.

पोचवण्याच्या नव्या वाटाही निघत आहेत. वानुआटूत डिसेंबर २०१८ मध्ये एरोमांगो बेटाच्या डोंगरांवरून सुमारे ४० किलोमीटर उडत ड्रोनने लसी नेल्या. आपल्याकडे मणिपूरमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर कोविडची लस ड्रोनने पंधरा मिनिटांच्या आत पोचली. ड्रोन फार थोडं वजन नेतो. त्यात काय ठेवायचं हे ठरवायलाही यादीच लागते.

आमच्या तेवीस खोक्यांची छाननी तीन रविवार चालली. अकरा खोकी मुदत संपलेली किंवा खराब निघाली, ती एका रुग्णालयाच्या मदतीने पिवळ्या पिशव्यांत गेली. गोळ्या आणि इंजेक्शनं, ज्यांची मुदत होती ती, जवळच्या धर्मादाय दवाखान्यातल्या फार्मासिस्टने स्वतः तपासून घेतली. दोन्ही कॉन्सन्ट्रेटर तपासणीला दिले आहेत. उरलेल्या सामानाची यादी कोस्ट गार्डमधल्या पोराने तिकडच्या दवाखान्यात नेऊन दिली.

उत्तर आलं, एका पानाचं. ड्रेसिंगचं सामान हवं आहे. वॉकर दोन चालतील, चार नकोत, ठेवायला जागा नाही. टाक्यांचे दोरे पुरेसे आहेत. सक्शन मशीन नको, पण त्यांच्याकडच्या मशीनची नळी आणि बाटली मिळाली तर बरं होईल, सोबत मॉडेल नंबर आणि फोटो. आणि लघवीचे कॅथेटर १६ नंबरचे हवेत. आमच्या खोक्यात १८ चे ढीगभर आणि १६ चे सहाच निघाले.

काल संध्याकाळी पोरं तालमीच्या पायरीवर बसून शहरातल्या दवाखान्यांना फोन लावत होती, १६ नंबरचे जादा पडलेत का, आणि मुदत काय आहे, हे विचारायला.